काकू, तो रविवार तुम्ही दिलात

गावभाग, सांगली

आदरणीय काकू,

हे समोर बसून सांगायला गेले तर दुसऱ्याच वाक्याला तुम्ही "पुरे गं, चहा घे" म्हणाल आणि विषय संपवाल. म्हणून लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. आपल्या गल्लीतल्या कितीतरी घरांतली मुलं आज बाहेर आहेत. त्यांच्या आईवडिलांच्या शेजारीही कुणी काकू, कुणी वहिनी आहेतच. त्यांच्यापर्यंतही हे पोचू दे.

कंपनीनं मला चौदा महिन्यांसाठी जर्मनीला, श्टुटगार्टला पाठवलं तेव्हा आईच्या खुब्याच्या ऑपरेशनला जेमतेम पाच महिने झाले होते. वॉकर धरून ती स्वयंपाकघरापर्यंत जायची, तेवढंच. दिवसभराच्या मावशी सोमवार ते शनिवार यायच्या. रविवारी त्यांची सुट्टी, आणि ती त्यांना मिळायलाच हवी. त्यामुळे रविवारची आई माझ्याकडे, तीही फोनवरून. उन्हाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. आईची बीपीची गोळी साडेआठची, म्हणजे माझे पहाटेचे पाच. गजर लावून उठायचं आणि फोन करायचा. गोळी घेतली का, डबा आला का, गॅस बंद केलास का. तिनं फोन उचलला नाही की छातीत धस्स व्हायचं. मग कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यांना फोन, आतेभावाला फोन, कधी तुम्हालाच. दहा-अकरा वाजेपर्यंत मी पलंगावरच असायची आणि उरलेला दिवस नुसता शिणवट्यात जायचा.

हे सगळं अशा देशात चाललं होतं जिथे रविवार घटनेनंच राखून ठेवलाय. १९१९ च्या वायमार राज्यघटनेचं कलम १३९ सांगतं की रविवार हा कामापासून विसाव्याचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून कायद्यानं जपला जाईल. १९४९ च्या घटनेनं ते कलम आहे तसं आपल्यात घेतलं. तिथे रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. भिंतीला ड्रिल लावायचं नाही, गवत कापायचं यंत्र चालवायचं नाही, रिकाम्या काचेच्या बाटल्यासुद्धा रस्त्यावरच्या टाकीत टाकायच्या नाहीत, कारण आवाज होतो. माझ्या इमारतीत त्या दिवशी शेजारच्या घरातला चमचा बशीला लागलेला ऐकू यायचा. असा रविवार दर आठवड्याला दारात येत होता आणि मला तो घेताच येत नव्हता.

मे महिन्यात एका शुक्रवारी तुमचा फोन आला. तुमचे शब्द मला अजून जसेच्या तसे आठवतात. "रविवार माझा. सकाळची गोळी मी देते, दुपारचं जेवण आमच्याकडे. तू रविवारी फोन करायचा नाहीस. काही झालं तर मी करीन. माझा फोन नाही आला म्हणजे सगळं बरं आहे." मी म्हटलं, काकू, काकांचंही तुम्हालाच बघावं लागतं, त्यात हे कशाला? तर म्हणालात, "एकाच्या गोळीला उठतेच मी, दोघांना देईन."

पहिल्या रविवारी मला ते जमलं नाही. दुपारपर्यंत फोन हातातच होता. दुसऱ्या रविवारी तो उशाखाली ठेवला. आज सांगायचंय ते त्यानंतरच्या, जूनमधल्या एका रविवारबद्दल.

त्या दिवशी गजराशिवाय जाग आली. चर्चच्या घंटा वाजत होत्या, नऊ वाजले असावेत. घरात दूध नव्हतं, शनिवारी आणायचं राहून गेलं होतं. तिथे बेकऱ्या मात्र रविवारी काही तास उघड्या असतात, म्हणून चप्पल घालून खाली उतरले. रांगेत पाच-सहा जण होते, कुणालाच घाई नव्हती. लोणी लावलेला ब्रेत्सेल आणि कॉफी घेऊन मी समोरच्या बाकावर बसले आणि बसूनच राहिले. किती वेळ, ते सांगता येणार नाही.

मग पाय नेतील तिकडे निघाले. श्टुटगार्ट एखाद्या वाटीत वसल्यासारखं आहे आणि त्या वाटीच्या उतारांवर चारशेहून जास्त दगडी जिने आहेत. एक चढले, वरून द्राक्षाचे मळे दिसले आणि आपली तासगावची बाजू आठवली. तिथून स्टेशनात आले, तर तुबिंगनची गाडी लागलेली होती. माझ्याकडे महिन्याचा पास होता, तो त्या गाडीला चालायचा. बसले. तुबिंगनला काय बघायचं ते आधी वाचलं नव्हतं, कुणाला विचारलंही नव्हतं. ऑफिसातल्या आपल्या मुलामुलींच्या दोन दिवसांत चार शहरं अशा सहली असायच्या. त्या चुकल्याची हळहळ मला वर्षभर होती, त्या गाडीत ती कुठे गेली कळलं नाही.

काकू, तिथे नेकार नदी आहे. नदीच्या मधोमध एक लांबट बेट आणि त्यावर जुन्या उंच चिनार झाडांची दुहेरी रांग. आपल्या हरिपूरच्या रस्त्यावर जुनी झाडं दोन्ही बाजूंनी वर येऊन मिळतात, तशीच कमान. काठावर लोक पाय सोडून बसलेले. सपाट तळाच्या लांब होड्या जात होत्या. आपल्या शर्यतीत वल्ही मारतात, तिथे एक जण मागे उभा राहून लांब काठी तळाला टेकवत होडी पुढे ढकलतो. पाणी कृष्णेचं हिवाळ्यात असतं तसं, चाललंय की थांबलंय कळू नये असं.

मी त्या झाडांखाली झोपले. उघड्यावर, परक्या गावात, पर्स उशाला घेऊन. उठले तेव्हा ऊन कलंडलं होतं आणि शेजारी एक आजोबा पेपर वाचत होते. संध्याकाळी परतीच्या गाडीत बसल्यावर लक्षात आलं की आईची आठवण दिवसभरात तीनदा तरी आली होती, पण एकदाही काळजी म्हणून आली नव्हती. हरिपूरला संगमावर मी लहान असताना ती मला पाण्यात पाय सोडून बसू द्यायची, ती आई आठवली. ऑपरेशननंतर इतक्या महिन्यांत मला फक्त पेशंट आई आठवत होती.

कलम १३९ मधली मनाची उन्नती म्हणजे काय, ते मला त्या गाडीत समजलं. ती तुम्ही दिलीत, इथून, गावभागातून, साडेआठची गोळी वेळेवर देऊन.

आणि परत आल्यावर आईनं जे सांगितलं, ते तर तुम्ही मला कळूच दिलं नव्हतं. जुलैअखेरच्या एका रविवारी कृष्णेचं पाणी वाढायला लागलं. आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, हे आकडे आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतात. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, ते तुम्ही आणि आईनं डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही वाट बघितली नाहीत. दुपारीच आईला, तिच्या औषधांच्या डब्याला आणि कागदपत्रांच्या पेटीला तुमच्या भाच्याच्या रिक्षातून विश्रामबागला बहिणीकडे हलवलंत. काकांना घेऊन तुम्हीही तिथेच राहिलात. पाणी गल्लीपर्यंत आलंच नाही, तिसऱ्या दिवशी सगळे परत. मला फोन नाही. त्या रविवारी मी काय करत होते ते आठवून बघितलं. बहुतेक खिडकीत बसून पाऊस बघत होते, तिकडेही त्या दिवशी पाऊस होता.

"फोन नाही आला म्हणजे सगळं बरं आहे" या तुमच्या वाक्यामागे किती काम होतं, ते मला आता कळतंय. हे फेडण्यासारखं नाही, आणि फेडायचा प्रयत्न तुम्हाला आवडणारही नाही.

पण एक ऐका. काकांच्या पायाचं दुखणं वाढल्यापासून तुम्ही हरिपूरच्या संगमेश्वरालासुद्धा गेला नाहीत, असं आई म्हणाली. तर येत्या रविवारी सकाळी आठला मी तुमच्याकडे येतेय. काकांची गोळी, जेवण, दुपारचा चहा माझ्याकडे. तुम्ही हरिपूरला जा, नाहीतर नाटकाला जा, नाहीतर नुसत्या घाटावर बसा. कुठे जाणार ते आधी ठरवू नका. फोन घरीच ठेवा.

तुमची,
समोरच्या घरातली