विचित्र मासा छापण्यापूर्वी त्याचे नाव विचारावे

माननीय संपादक महोदय,

सविनय नमस्कार. गेल्या पंधरवड्यात गोव्यातील बेतूलजवळ सापडलेल्या एका ‘अज्ञात, विषारी’ माशाचे छायाचित्र समाजमाध्यमांवर बरेच फिरले आणि एका वाहिनीने तर ते ‘बुटाचा ठसा असलेला दुर्मीळ जीव’ या मथळ्याखाली दाखवले. तो मासा माझ्याच गरीला लागला होता. त्यामुळे खुलासा करणे मलाच भाग आहे, असे समजून हे पत्र लिहीत आहे.

साळ नदी जिथे समुद्राला मिळते, तिथल्या खडपावर मी सुट्टीच्या दिवशी गरवायला जातो. त्या सकाळी भरती चढत असताना सुंगटाचे (कोळंबीचे) आमिष लावून एखाद्या तामशाची वाट पाहत होतो. वर आला तो हातभर लांबीचा, सडपातळ, करड्या रंगाचा मासा. डोळ्यातून शेपटीपर्यंत एक काळा पट्टा, त्याच्या वरखाली पांढरी कड, आणि खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे आलेला. डोक्यावर मात्र चपलेच्या तळव्यासारखी लांबट चकती होती व तिच्यात आडव्या पट्ट्या दोन ओळींत बसवल्यासारख्या दिसत होत्या. मी त्याला पाण्याच्या बादलीत सोडले, तर तो बादलीच्या भिंतीला असा चिकटला की शेपूट धरून ओढताच भरलेली बादलीच सरकू लागली.

भोवती माणसे जमली. कोणी त्याला मोरीचे (शार्कचे) पिल्लू म्हणाले, कोणी सापाच्या जातीचा ठरवला, आणि ज्याने त्याला हातही लावला नव्हता त्याने तो विषारी असल्याचा निर्वाळा दिला. तेवढ्यात रापणीवरचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावरचे, एक वृद्ध गृहस्थ आले. त्यांनी मासा मागे न ओढता डोक्याच्या दिशेने जरासा पुढे ढकलला आणि तो अलगद सुटून त्यांच्या हातात आला. “हो मोरयेबरोबर येता, खाल्ल्यार कांय जायना,” इतकेच ते बोलले. नाव त्यांनाही सांगता आले नाही, पण त्या एका वाक्यात ओळखीचा निम्मा भाग आला होता, हे मला घरी पुस्तके चाळल्यावर कळले.

हा मासा म्हणजे लुचूक. वासरू गाईला लुचते तसा हा मोठ्या माशांना लुचून राहतो. शास्त्रीय नाव एकेनीस नॉक्रेटीस. डोक्यावरची ती चकती म्हणजे त्याचा पाठीवरचा पहिला पर (फिन), जो रूपांतरित होऊन चोषणाचा अवयव बनला आहे. आडव्या पट्ट्या म्हणजे त्या पराचेच बदललेले काटे. मी त्या मोजल्या, २२ भरल्या. पट्ट्यांवर मागे वळलेले बारीक कंटक असतात. म्हणून मागे ओढले की पकड घट्ट होते आणि पुढे सरकवले की सुटते. पोहताना पाण्याचा जोर मागेच ओढत असल्यामुळे मोरी, वागळी (पाकट), कासव किंवा होडीचा तळ यांना चिकटून हा मासा कितीही वेगात फुकट प्रवास करतो, त्यांच्या जेवणातले तुकडे खातो आणि त्यांच्या अंगावरचे परजीवीही टिपतो. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर लुचकाच्या शेपटीला दोरी बांधून त्याच्याकरवी कासवे पकडण्याची पद्धत होती. जगातल्या बहुतेक उष्ण समुद्रांत तो आढळतो. तेव्हा ‘दुर्मीळ’ हे विशेषण त्याला लागू पडत नाही, विषारी तर तो नाहीच.

इतका खुलासा एका निरुपद्रवी माशासाठी कशाला, असे कोणी विचारील. अडचण अशी की जी घाई लुचकाला विषारी ठरवते, तीच घाई केंडाला खाण्याजोगा ठरवू शकते. फुगणारा, चार दात जुळून पोपटाच्या चोचीसारखे तोंड झालेला केंड आपल्या खाडीत गरीला सर्रास लागतो. त्याच्या यकृतात, अंडाशयात आणि कित्येक जातींच्या कातडीतही असलेले टेट्रोडोटॉक्सिन हे विष शिजवल्याने नष्ट होत नाही. ते पोटात गेल्यास प्रथम ओठ व जीभ बधिर होतात, नंतर श्वसनाचे स्नायू निकामी होतात, आणि त्यावर उतारा उपलब्ध नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्राखाली कोणीतरी ‘खायला चालतो’ असे लिहिले की तेवढ्यावर विश्वास ठेवणारी माणसे मी स्वतः पाहिली आहेत. दुसरी बाजू कायद्याची आहे. करवतीसारखे तोंड असलेला मासा किंवा समुद्रघोडा जाळ्यात आला तर तो वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे, हे ओळख पटल्याशिवाय कळणार कसे?

ओळख पटवायची तर फार काही लागत नाही. मासा जिवंत किंवा ताजा असतानाच, पर पसरलेले दिसतील अशा रीतीने बाजूने छायाचित्र घ्यावे, कारण मेल्यावर थोड्याच वेळात रंग उतरतो आणि रंगावरून केलेली ओळख पुष्कळदा फसते. शेजारी मोजपट्टी ठेवावी. लोक माशाशेजारी आपला चेहरा ठेवतात, त्याचा काही उपयोग होत नाही. तोंड, खवले, शेपटीचा आकार आणि पाठीच्या परातले काटे यांची जवळून वेगळी चित्रे घ्यावीत. कुठे, किती पाण्यात, कोणत्या आमिषावर लागला हेही टिपून ठेवावे. अनोळखी माशाला उघड्या हाताने मात्र धरू नये. सांगटाचा (शिंगाळ्याचा) काटा ज्याला लागला आहे त्याला याचे कारण सांगावे लागणार नाही.

आपल्या दैनिकास माझी विनंती अशी की, अशा माशाचे छायाचित्र आल्यास ‘विचित्र’, ‘अद्भुत’ एवढ्यावर न थांबता एक दिवस उशीर झाला तरी जाणकाराला विचारून नाव छापावे. १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोनापावल्यालाच आहे. विचारायला गोव्याबाहेर जाण्याचे कारण नाही. मत्स्योद्योग खात्यानेही मालीम, कुटबण, शापोरा, बेतूल येथील धक्क्यांवर केंडासारख्या घातक आणि संरक्षित माशांचे सचित्र फलक मराठी व कोकणी नावांसह लावावेत. जून-जुलैची ६१ दिवसांची बंदी हा त्यासाठी सोयीचा काळ आहे. फलकावरची नावे ठरवताना रापणकारांना बसवून विचारावे, कारण एकाच माशाला पेडण्यात एक आणि काणकोणात दुसरे नाव असते.

सोबत लुचकाचे छायाचित्र जोडले आहे. छापायचे झाल्यास चकती वरच्या बाजूला ठेवावी. त्या वाहिनीने ती खाली करून दाखवली होती. लुचकाचे पोट इतर माशांसारखे पांढुरके नसल्यामुळे पाठ कोणती आणि पोट कोणते याचा घोटाळा सहज होतो.

आपला नम्र,
एक वाचक, मडगाव