रेशीमबाग मैदानावरच्या मंडळींनो, मनापासून आभार

रविवारी आमच्या बौद्धिक दिव्यांग मुलांच्या धावण्याच्या आणि बोचीच्या (आपले चेंडू एका छोट्या चेंडूच्या जवळात जवळ टाकायचा खेळ) चाचण्या सुरळीत पार पडल्या. नावगाव न सांगता राबलेल्यांसाठी हे चार शब्द.

क्रिकेट खेळणाऱ्या पोट्ट्यांनी आपली सपाट जागा कुरकुर न करता सोडली, वर चुन्याच्या रेघाही मारून दिल्या. बोचीचं कोर्ट ६० फूट लांब, १२ फूट रुंद लागतं. त्यातल्या एकाने छोट्या चेंडूपासूनची अंतरं दोरीने मोजायचं काम शेवटपर्यंत सांभाळलं. आमचा एक खेळाडू प्रत्येक वेळी "पुन्हा मोज" म्हणायचा. हा पठ्ठ्या पुन्हा मोजायचा!

शिट्टी वाजली की आमची एक मुलगी कान झाकून खालीच बसायची. "अवो, रुमाल हलवा ना," बाकावरच्या काकू म्हणाल्या, आणि स्वतःचाच रुमाल काढून दिला. पोरगी धावली.

उन्हात स्टॉपवॉच घेऊन उभ्या असलेल्या ताई, तुमचे विशेष आभार. १९६८ साली शिकागोत सुरू झालेल्या, बौद्धिक दिव्यांग खेळाडूंच्या स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये वय, लिंग आणि क्षमता पाहून गट पाडतात, म्हणजे चुरस बरोबरीच्यांत होते. वेळच चुकीची टिपली तर सगळंच फसतं. आम्हीही गट तसेच पाडतो, आणि यंदाचे तुमच्या वहीवरून पडलेत.

तर्री-पोह्याचे पैसे न घेणारे भाऊ, तर्री जहाल होती हो! पण पोरांनी परत मागितली.

पुढच्या सरावाला चुना आम्ही आणू. तुम्ही फक्त या.