वारा नसतानाचं उधाण

हुवाधू, मालदीव
जूनअखेर

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, टीव्हीवर चक्रीवादळाचा नकाशा दिसला की तू धास्तावतेस. पण हे बेट विषुववृत्ताला अगदी लागून आहे. वाऱ्याला गरगर फिरवणारा पृथ्वीच्या फिरण्याचा जोर इथे फार कमी पडतो, त्यामुळे चक्रीवादळ सहसा इकडे फिरकत नाही.

इथली धास्ती वेगळीच. लख्ख ऊन, वारा पडलेला, आणि तरी लाटा आत घुसतात. मे २००७ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या खालच्या समुद्रात वादळ झालं. त्याच्या लाटा हजारो किलोमीटर चालून आल्या आणि मालदीवच्या साठाहून अधिक बेटांवर पाणी चढलं. प्रवाळाचा कठडा एरवी लाट फोडतो, पण पौर्णिमा-अमावास्येची भरती असली की तीच लाट त्यावरून सहज येते. देशातली सगळ्यात उंच नैसर्गिक जागा जेमतेम अडीच मीटर, मग पाणी अडणार कुठे? त्यात समुद्राची पातळी वाढतेच आहे.

वटपौर्णिमेला वाळूच्या पोत्यांवरून पाणी शेजारच्या परसात शिरलं. ओसरल्यावर तिथल्या आजींनी विहिरीतून बादली काढली, बोट बुडवून जिभेला लावलं आणि काही न बोलता बादली ओतून दिली. वाळूत मुरलेलं पावसाचं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं, विहिरींना मिळतं ते तेवढंच. तो थर खारावला की पुढच्या पावसांनी धुऊन निघेपर्यंत विहीर कामातून गेली. बाबा, त्यांच्या नीरफणसाची पानंही कडेने करपली आहेत. मला फार वाईट वाटलं. ज्यांनी हवा तापवली नाही त्यांच्या विहिरी आधी जाव्यात, याचा रागही येतो.

पिण्याचं पाणी टाक्यांत साठवलेलं आहे, काळजी नको. इथेही पाऊस नक्षत्रांवरच मोजतात. मृग सरला, आर्द्रा चालू आहे. आपल्यासारखी जून-जुलैची मासेमारी बंदी मात्र नाही. नावाडी पहाटे आभाळ बघून ठरवतात, आणि आजींचा नातू बाहेर गेला असला की त्या धक्क्यावरून हलत नाहीत.

इशारा लागला की मालेहून मालाची बोट सुटत नाही, मग कांदा-बटाटा जपून वापरावा लागतो. फोन लागला नाही तर लगेच घाबरू नका. तिकडे सुट्टीवर आलेल्या आमच्या शाळेतल्या बाई परतताना आगळाची बाटली आणि कुळथाचं पीठ आणतील. पीठ दोन पिशव्यांत घट्ट बांधून दे.

तुमची,
सुमा