ओढ्यातल्या दगडाविषयी

नागपूर

चि. मिहिर यास,
अनेक आशीर्वाद.

पिट्सबर्गजवळच्या ओढ्यात तुला सापडलेल्या दगडाची तिन्ही छायाचित्रे मी मोठी करून, भिंग लावून पाहिली. तुझ्या मित्रांना ती सापाची कातडी वाटली, यात त्यांचा दोष नाही. ठिपक्यांची नीट मांडणी दिसली की माणसाला आधी खवलेच आठवतात. पण खवले एकावर एक चढलेले असतात आणि तुझ्या दगडावरचे ठिपके सुटे सुटे आहेत. माझ्या मते ही वनस्पती आहे, आणि तिचेही खोड नव्हे, तर मूळ. या जीवाश्माला स्टिग्मारिया म्हणतात.

तुमच्याकडच्या कोळशाच्या थरांत तीन प्रकारची खोडे वरचेवर सापडतात. लेपिडोडेंड्रॉनच्या खोडावर शंकरपाळ्यांसारखे आकार तिरक्या ओळींत एकमेकांना खेटून बसलेले असतात, सिजिलारियाचे वण उभ्या रांगेत शिक्के मारत गेल्यासारखे दिसतात आणि कॅलामाइट्सला उभ्या रेघा व उसासारखी पेरी असतात. तुझ्या दगडावर यांपैकी काहीच नाही. तिथे आहेत ते देवीच्या वणांसारखे गोल खळगे, प्रत्येकाला किंचित उचललेला काठ आणि मधोमध एक टिंब. अशा प्रत्येक खळग्यातून एकेक उपमूळ बाहेर पडत असे, आणि टिंब म्हणजे त्या उपमुळातून पाणी वाहणाऱ्या धाग्याची खूण. दुसऱ्या छायाचित्रात कडेला ज्या चपट्या फिती दिसतात, ती बहुधा तीच उपमुळे असावीत.

दगडात मूळ लाकूड मात्र शोधू नकोस. सुमारे ३० ते ३२ कोटी वर्षांपूर्वीच्या त्या दलदलीत मुळाचा आतला मऊ भाग कुजून गेला, त्या पोकळीत वाळू भरली आणि पुढे ती घट्ट झाली. गणपतीच्या साच्यातून मूर्ती निघावी तसा हा दगड घडला आहे. त्या कालखंडालाच पेनसिल्व्हेनियन म्हणतात, तेव्हा पेनसिल्व्हेनिया राज्यात राहणारा तू अगदी नावाच्या गावी आहेस.

दगडाला नावाची चिठ्ठी लावशील तेव्हा तिच्यावर ‘लेपिडोडेंड्रॉन’ असे लिहू नकोस. मुळे आणि खोडे तुटून वेगवेगळी सापडत गेली, म्हणून त्यांना नावेही वेगवेगळी मिळाली. लेपिडोडेंड्रॉन आणि सिजिलारिया या दोघांचीही मुळे स्टिग्मारियाच्याच घडणीची असल्यामुळे नुसत्या मुळावरून झाड सांगता येत नाही. एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात मी नेमकी हीच चूक करून गुण घालवले होते. ग्लासगोच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये १८८७ साली अशा झाडांचे ११ बुंधे मुळांसकट जागच्या जागी सापडले. पण तसे भाग्य ओढ्यात वाहून आलेल्या सुट्या तुकड्याला कुठून असणार?

आपल्या कपाटातल्या, उमरेडच्या दगडातल्या पानाशी याचे नाते आहे का, असे तू विचारले आहेस. ते ग्लॉसोप्टेरिस, जिभेच्या आकाराचे पान. आपला गोंडवन कोळसा तुमच्या कोळशानंतरचा आणि त्याची झाडेही निराळी. खरे नाते पाचगणीशी आहे. टेबललँडवर पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात गवताच्या जुडीसारखे आयसोइटिस उगवते. विद्यार्थ्यांना घेऊन गेले की मी ते मुद्दाम उपटून दाखवत असे. त्याचे उपमूळ आडवे कापले, तर पोकळ नळी आणि तिच्या एका बाजूला चिकटलेला धागा दिसतो. स्टिग्मारियाच्या उपमुळाची रचनाही हीच! ३० मीटरपर्यंत वाढणाऱ्या त्या झाडांचा आजचा सर्वांत जवळचा नातलग वीतभर उंचीचा आहे, याचे मला अजूनही नवल वाटते.

आता एवढे कर. रात्री दिवा मालवून बॅटरीचा झोत दगडावर अगदी आडवा पाड, शेजारी तिथले पाव डॉलरचे नाणे ठेव आणि पुन्हा छायाचित्र काढ. म्हणजे खळग्यांची मळसूत्री मांडणी आणि माप दोन्ही कळतील. तुटलेल्या टोकाचेही एक पाठव. तारेच्या ब्रशने घासू नकोस, साधे पाणी पुरे. दगड ज्या ठिकाणी पडला होता ती जागा आजच वहीत टिपून ठेव, आणि ती कुणाच्या मालकीची असेल तर आधी परवानगी विचार.

तुझी,
आई