अजिंठ्याची दारं बघणारा मास्तर

ती. आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "जळगावात जन्म गेला तुझा, आणि अजिंठा वाचायला अमेरिकेत गेलीस होय?" खरंय. पण त्याला कारण एक माणूस आहे, आणि तो इथलाच, अ‍ॅन आर्बरचा. वॉल्टर स्पिंक. इथल्या मिशिगन विद्यापीठात कलेचा इतिहास शिकवायचे. 2019 मध्ये गेले, 91 वर्षांचे होऊन. माझी त्यांची भेट नाही, पण त्यांच्या ग्रंथांचे खंड ग्रंथालयातून एकेक करून आणतेय, आणि वाचताना सारखे तुम्हीच आठवताय.

कारण हा माणूस लेण्यांत शिरला की आधी दारं बघायचा! पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रापुढे आपण सगळेच हरखून उभे राहतो. तेही राहत असतील, पण त्यांचा खरा जीव भिक्षूंच्या त्या अंधाऱ्या खोल्यांमध्ये. लाकडी दार कधीच कुजून गेलं, पण ते ज्यावर फिरायचं ते खळगे दगडात तसेच आहेत. आधीच्या खोल्यांमध्ये ही सोय कच्ची, पुढे कारागिरांनी ती सुधारत नेली. म्हणजे नुसत्या चौकटीवरून कुठली खोली आधीची, कुठली नंतरची, हे लावता येतं. असंच खांब, खिडक्या, अर्धवट सोडलेले कोपरे. तुम्ही नाही का, जुन्या वाड्याची डागडुजी काढली की भिंतीला हात लावून "हे नंतरचं काम" म्हणायचात?

आता मुद्द्याचं. अजिंठ्याची सगळ्यात जुनी काही लेणी इसवी सनाच्या आधीची, त्याबद्दल फारसा वाद नाही. पण नंतरची, बौद्धांच्या महायान पंथाच्या काळातली लेणी शे-दोनशे वर्षं सावकाश खोदली गेली असं पुष्कळ जण धरून चालले होते. स्पिंक म्हणाले, छे, विदर्भाच्या वाकाटक घराण्यातला राजा हरिषेण याच्या काळात आणि लगेच नंतर, साधारण इसवी सन 460 ते 480, एवढ्यातच सगळं झालं. वीस वर्षं फक्त! पैसा लावणारे राजाचे मंत्री, मांडलिक. सोळाव्या लेण्यात वराहदेव या मंत्र्याचा शिलालेख आहेच. मग 477 च्या सुमारास राजा गेला आणि सगळी घडी विसकटली. देणगीदारांनी मोठी कामं सोडून आपापली मूर्ती तेवढी घाईने उरकून घेतली. पुढे तर ज्याला जिथे जागा दिसली तिथे त्याने बुद्ध कोरून घेतला, दुसऱ्याच्या लेण्याच्या दर्शनी भिंतीवरसुद्धा. मूळ मालक असता तर खपवून घेतलं असतं का?

एक नंबरच्या लेण्याबद्दल त्यांनी जे लिहिलंय ते वाचून मी पुस्तक मिटून बसले. त्यांच्या मते ते खुद्द हरिषेणाचं. तिथल्या गाभाऱ्यातल्या बुद्धाच्या पायाशी दिव्याची काजळी नाही. हार अडकवायचे आकडे वापरात असते तर शेजारची चित्रं घासली गेली असती, तीही तशी घासलेली नाहीत. म्हणजे एवढी देखणी मूर्ती घडली आणि तिची पूजाच झाली नाही. बिल अडकल्यावर साइटवर काय उरतं ते तुम्ही उभ्या जन्मात कितीदा पाहिलंय, तुम्हाला मी काय सांगू?

आई, तुझ्यासाठीही यात खाऊ आहे. हरिषेणानंतर राज्य कसं बुडालं याचा धागा स्पिंकनी दंडीच्या दशकुमारचरितात, त्या जुन्या संस्कृत कथाग्रंथात, धरला. शेवटची विश्रुताची गोष्ट, तू बारावीच्या मुलांना रंगवून सांगायचीस ती. विदर्भाचा तो व्यसनी पोरगा राजा, आणि त्याला नादी लावून बुडवणारा शेजारच्या अश्मक राज्याचा राजा. ही गोष्ट वाकाटकांची आहे हे मूळ म्हणणं आपल्या नागपूरचे इतिहास संशोधक वा. वि. मिराशी यांचं. मला मात्र इथे थोडं अडखळायला होतं. गोष्टीवर इतिहास किती उभा करायचा? हरिषेण अमुक वर्षी गेला असं कुठे कोरलेलं नाही, आणि स्पिंक तर एकेका लेण्याचा वर्षावर्षाचा हिशेब मांडतात. हे सगळ्यांना पटलेलं नाहीच. पण ज्यांना पटलं नाही त्यांनाही खोडून काढायला पुन्हा लेण्यात जाऊन दारंच बघावी लागतात, हे मला फार आवडतं.

उतारवयातही ते अजिंठ्याला येऊन तिथेच अभ्यासवर्ग घ्यायचे. वर्गात पडद्यावर चित्रं दाखवून भागलं असतं की! पण नाही. जन्मभर एकच डोंगर बघितला म्हणा ना.

तर थंडी पडली की तुम्ही दोघं जाऊन या. सोमवारी लेणी बंद असतात. फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी सोडून तिथल्या बसने जावं लागतं, आणि आई, गुडघ्यांचा विचार करून डोली कर, लाजू नकोस. बाबा, चोविसावं लेणं चुकवू नका, लोक अर्धवट म्हणून पुढे जातात. खडक वरून खाली कसा फोडत आणला, खांब आधी नुसते ठोकळे कसे ठेवले, सगळं उघडं दिसतं तिथे. मग खोल्यांची दारं बघा आणि मला कळवा, आधीचं-नंतरचं तुम्हाला तसंच लागतंय का. नाही लागलं तर तसंही लिहा.

पोरं मजेत आहेत. बीपीची गोळी चुकवू नका.

तुमची,
वैशू