यंदाचं धोंडस पुण्यात

पुणे,
कोजागिरीनंतरचा शुक्रवार

ती. आई आणि ती. बाबांना सा. नमस्कार,

पाकीट बघून घाबरू नका, इकडे सगळे खुशाल आहेत. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर आई सगळ्याला 'हो, हो' म्हणते आणि ठेवला की स्वतःला हवं तेच करते. बाबांनी कानाचं यंत्र शोधून घालेपर्यंत माझा निम्मा धीर संपतो. कागदावर असलं की बाबा मोठ्याने वाचतील, दोनदा वाचतील, आणि आईला मध्येच दूध बघायला उठता येणार नाही. बाबा, तिला आधी झोपाळ्यावर बसवा आणि मगच पुढे वाचा.

ठरलंय ते आधी सांगून टाकते. यंदाचं धोंडस, म्हणजे तवशाचा, आपल्या त्या मोठ्या जून काकडीचा गोड केक, पुण्यात होणार, माझ्या ओट्यावर. आई, तू चुलीपाशी जायचं नाहीस. ६२ डबे नोंदवून झालेत. रविवारी खालच्या आळीतल्या काकूंचा भाचा गाडी घेऊन पुण्याला येतोय, तो तवशी आणेल. तुला न विचारता ठरवलं, हे कबूल. विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस, ते आपल्या तिघांनाही पाठ आहे.

रागावलीस ना? रागाव थोडी. पण ऐक.

बाबा, तुम्ही मला फोनवर सांगितलंत, "आईचा डोळा एकदम मस्त, पेपर वाचते." डोळा लालभडक झाला, तिला परत दापोलीला नेलं, थेंब बदलून दिले, हे सांगायचं राहून गेलं वाटतं. मला कोणी सांगितलं ते विचारू नका आणि अंदाजाने कोणावर चिडूही नका. ऑपरेशनचा विसावा दिवस, आणि ही बाई चुलीपुढे उकिडवी बसून फुंकणी मारतेय! वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, जोर द्यायचा नाही, धूर-धूळ टाळायची, हे सगळं त्यांनी कागदावर लिहून दिलं होतं. फुंकणी तेवढी लिहिली नव्हती, कारण त्या डॉक्टरांना आपली आई माहीत नाही.

तू का बसलीस ते मला कळतं, आई. कोजागिरीच्या आत पहिला घाणा निघाला पाहिजे, मुंबईकर दिवाळीला यायच्या आत डबे तयार पाहिजेत, आणि पुढच्या पावसाआधी रोपांचे पैसे भरले पाहिजेत. पाच वर्षं तू हे चुकवलेलं नाहीस. यंदाही चुकणार नाही, तेवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

एक गोष्ट मी कधी नीट बोलले नाही, ती लिहिते. ३ जून २०२०ला दुपारी वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्याला लागलं, तेव्हा मी इथे टीव्हीपुढे होते. ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटर, असं ती निवेदिका सांगत होती आणि मी मनातल्या मनात आपल्या न्हाणीघरावरचे पत्रे मोजत होते. त्यानंतर सहा दिवस फोन नाही. टाळेबंदी होती, पास मिळत नव्हता, पिल्लू दोन वर्षांचा. ही सगळी कारणं खरी आहेत आणि ती मी स्वतःला पुष्कळदा सांगितली आहेत. सातव्या दिवशी बाबांनी वरच्या सड्यावर चढून, कोणाच्या तरी फोनवरून फोन केला. "घर आहे. वाडी नाही." एवढंच बोललात, बाबा. मग बराच वेळ नुसता वाऱ्याचा आवाज येत होता. मी तेव्हा काय विचारलं माहीत आहे? "जेवलात का?"

महिनाभराहून जास्त वीज नव्हती, आणि त्या दिवसांबद्दल आई नेहमी सांगते काय, तर "लग्न झाल्यापासून एवढे पत्ते खेळले नव्हते." कंदिलाच्या उजेडात झब्बू, पाच-तीन-दोन, आणि बाबांचं ते पान लपवणं. सकाळी मऊभात, मेतकूट आणि लिंबाचं लोणचं, दुपारीही तेच. माड-पोफळींच्या वाडीकडची खिडकी बंद ठेवायची म्हणजे तिकडे बघायला नको, हे मात्र मला वहिनींकडून कळलं.

त्याच वर्षी आडव्या पडलेल्या माडांवरून तवशाचे वेल गेले आणि एवढी तवशी लागली की ओटीवरच्या वाशांना टांगायला जागा उरली नाही. तू धोंडस करून काकूंना दिलंस, त्यांनी पैसे देऊ केले, तू घेईनास. मग म्हणालीस, "द्यायचेच असतील तर रोपांना द्या." खालच्या आळीत एकही पोफळ उभी राहिली नव्हती. तिथून सुरू झालं हे सगळं. बाबांनी लाल वही उघडली. दापोलीहून कृषी विद्यापीठातली रोपं, माड बाणवली आणि सुपारी श्रीवर्धनी. लोक घाई करत होते आणि बाबा प्रत्येकाच्या कुंपणाशी उभे राहून तेच सांगत होते, "आधी केळ लावा, मग पोफळ. सावली नसेल तर कोवळं खोड उन्हाने भाजून निघेल." नऊ फुटांवर पोफळ, पंचवीस फुटांवर माड, दोरी धरून. आतापर्यंत वहीत २१४ पोफळी आणि ३८ माड आहेत, मी मे महिन्यात बेरीज करून बघितली. (वेलचीचा खर्च तुम्ही दोन वेळा धरला आहे, बाबा. मी खोडलं नाही, तुम्हीच बघा.) पहिल्या खेपेच्या पोफळींना आता एक-दोन वर्षांत पोय सुटेल, फुलोरा येईल.

म्हणून म्हणते, हे बंद पडू द्यायचं नाही. फक्त तुझ्या डोळ्यावर चालवायचं नाही.

आता माझ्या धोंडसाची हकीकत ऐक, म्हणजे जरा हसशील. पहिल्यांदा मी इथल्या भाजीवालीकडची लांब हिरवी काकडी घेतली. किसली तर नुसतं पाणी! गूळ घातल्यावर आणखी पाणी. केकच्या पत्र्याच्या भांड्यात ओतून ओव्हनमध्ये ठेवलं. वरून भेगाळलं, आतून गिच्च. तुमचे जावई दोन घास खाऊन म्हणाले, "खीर छान झाली आहे." दुसऱ्यांदा मी पाण्याच्या भीतीने कीस पिळून घेतला. तूच नेहमी सांगतेस की रवा त्या रसातच शिजायला हवा, बाहेरचं पाणी थेंबभर नको, आणि मी नेमका रसच टाकून दिला. झाली वीट.

तिसऱ्यांदा मात्र मी वहिनींनी ऑगस्टमध्ये दिलेलं ते पिवळंधमक तवसं काढलं. दोन महिने बाल्कनीत काथ्याने टांगलं होतं, पिल्लू त्याला 'आजीचा फुगा' म्हणायचा. साल जाड, बिया नखाने काढाव्या लागतात, आणि कापल्याबरोबर तो आंबटसर हिरवा वास. माजघरात आल्यासारखं वाटलं. तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून, मिक्सरमध्ये जाडसर काढले. रवा तुपावर भाजला, हाताला हलका लागेपर्यंत. रवा दोन वाट्या, कीस रसासकट चार, गूळ दोनला जरा कमी, ओलं खोबरं, चिमूटभर मीठ, वेलची. शिजवून घट्ट केलं आणि बिडाच्या भांड्यात तळाशी हळदीचं पान घालून थापलं. झाकण लावून ओव्हनमध्ये. निखारे खाली कमी नि वर जास्त, हे तुझं गणित ओव्हनला कसं सांगायचं ते कळेना. मग खालची कांडी मंद ठेवली आणि शेवटी झाकण काढून वरची तेवढी चालू केली. पन्नास मिनिटं झाली आणि हळदीच्या पानाचा वास जिन्यात गेला. समोरच्या काकू दार उघडून विचारायला आल्या.

पिल्लू म्हणाला, "आजीसारखं नाही." मग म्हणाला, "अजून दे."

त्याचं बरोबर आहे. करवंट्यांच्या निखाऱ्याचा वास माझ्या ओव्हनला या जन्मी येणार नाही. लहानपणी तू झाकणावर निखारे रचायचीस आणि आम्हाला सांगायचीस, "हलू नका, त्याला कळतं." मी आणि दादा खरंच श्वास रोखून बसायचो. मला अजून कळलेलं नाही, कोणाला कळतं ते. धोंडसाला, की विस्तवाला? झोप यायची, मी तुझ्या मांडीवर डोकं टाकायचे, तुझ्या पदराला धूर आणि गूळ दोन्हीचा वास. आज तो पदर धुराजवळ नको म्हणून मीच ओरडतेय.

बरं. आता सूचना. बाबा, हे दुसऱ्यांदाही मोठ्याने वाचायचं.

थेंब वेळच्या वेळी. कोणते किती वेळा, ते मोठ्या अक्षरांत लिहून कपाटावर चिकटवायला वहिनींना सांगितलं आहे. थेंब घालण्याआधी हात साबणाने धुवायचे, नुसते ओले करायचे नाहीत. काळा चष्मा लावायचा. "गावात लोक हसतात" हे कारण चालणार नाही, हसू देत. विहिरीवर वाकायचं नाही, पंप दुरुस्त करून घेतलाय ना? मग तो वापरा. पंपाला वीज खूप लागते म्हणून आई पोहरा काढते, हेही मला कळलं आहे. बिल मी भरते. बाबांनी वाशांवरची तवशी उतरवायला शिडीवर चढायचं नाही, भाचा उतरवेल. तुम्ही खाली उभं राहून बोट दाखवा, ते तुम्हाला छान जमतं.

सोयीचं सगळं बघून ठेवलं आहे. दोन शेगड्यांचा गॅस आहेच, आंघोळीच्या पाण्यासाठीही बंब पेटवायचा नाही म्हणून गीझर बसवायला माणूस सोमवारी येईल. बाबा, तुम्हाला बंबाचंच पाणी लागतं, माहीत आहे. पण महिनाभर चालवून घ्या, पुढे तुमचा बंब आहे आणि तुम्ही आहात. पडवीतला दिवा बदलून मोठा लावायला सांगितला आहे. शिपण्याला आणि पाट काढायला गडी दिवसाआड येईल, त्याची मजुरी मी परस्पर देते, त्याच्याशी घासाघीस करू नका. आणि संध्याकाळी पत्त्यांना चौथा भिडू नाही म्हणून आई कुरकुरते, तर काकू येतील, त्यांना मीच गळ घातली आहे. त्या वाईट खेळतात. बाबांना आवडेल.

आई, तुला वाटेल, आता माझं काम काय उरलं. तसं नाही गं. डबा तुझ्याच नावाने जातोय. पैसे बाबांच्या वहीतच येतील, पै न पै. आणि तुळशीच्या लग्नापर्यंत तुझे सहा आठवडे होतात. डॉक्टरांनी बघून हो म्हटलं, तर एक घाणा घरी, चुलीवर. विस्तव मी घालणार, फुंकणी मी मारणार, तू खुर्चीवर बसून ओरडायचं. पाटावर नाही, खुर्चीवर. त्यासाठी ओटीवरचं सगळ्यात मोठं तवसं राखून ठेव, भाच्याला देऊ नकोस. आम्ही भाऊबीज झाली की निघतो, पिल्लूची शाळा उघडेपर्यंत तिथेच.

दादाला डब्यांचं कळवलं होतं. ६२ मधले २० त्या एकट्याचे आहेत. पत्ता इथलाच दिलाय. तो घ्यायला स्वतः येणार का, ते मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

एक काम आहे. वाट्यांच्या मापाने ६२ डबे सारखे होणार नाहीत. तुझं ते पितळी चिपटं तवशांबरोबर पाठव. काठाला पोचा आलेलं आहे तेच, नवं नको, कारण तुझा सगळा अंदाज त्या पोच्यापर्यंतचा आहे. आणि गूळ 'दिसेल तेवढा' म्हणजे किती, ते एकदा बाबांना मोजून लिहायला लाव. तू बोटाने दाखव, ते लिहितील. फडक्यात बांधून गाडीपाशी द्या. स्टँडवर कोणी जायचं नाही.

काळजी घ्या. माझ्यावर रागावून जेवण टाकू नकोस.

तुमची,
ठकी

ता. क. दादाचा काल रात्री फोन आला होता. बाकी काही बोलला नाही, एवढंच विचारलं, "ओव्हनमध्ये तळाला खरवड धरते का गं?" म्हटलं, धरते, पण थोडी.