गाणे घोड्याच्या पावलावर बेततात

मा. संपादक,

स.न.वि.वि.

ड्रेसाज म्हणजे स्वाराच्या बारीक इशाऱ्यांवर घोड्याने आखीव हालचाली करून दाखवण्याची स्पर्धा. तिच्या बातमीत ‘घोडा संगीताच्या तालावर थिरकला’ हे वाक्य हमखास येते. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत अनुष अगरवाला याने एट्रो या घोड्यावर ७३.०३० टक्के गुणांसह वैयक्तिक कांस्य मिळवले, ते फ्रीस्टाइल फेरीत, म्हणजे संगीतासह. त्या फेरीत घोडा गाणे ऐकून पावले टाकतो, असा समज आपल्याकडे पक्का आहे. घडते ते उलट. आधी घोड्याची लय मोजतात, मग त्या लयीचे संगीत शोधतात आणि ते त्याच्या पावलांवर बेततात. हे नीट कळले तर फेरी पाहण्याची नजरच बदलते, म्हणून हे पत्र.

मोजणी अशी करावी. घोडा पंधरा-वीस मिनिटे फिरवून अंग मोकळे झाले की नेहमीच्या रिंगणात बाजूने व्हिडिओ घ्यावा. आतल्या बाजूचा पुढचा पाय जमिनीला किती वेळा लागतो ते अर्धा मिनिट मोजावे आणि दुप्पट करावे. या झाल्या मिनिटाच्या ढांगा. वेगवेगळ्या दिवशी तीन-चार वेळा मोजून मधला आकडा धरावा. मोठ्या अंगाच्या युरोपीय घोड्याच्या दुडकीत साधारण ७५ ते ८० ढांगा भरतात. दुडकीत पाय तिरक्या जोडीने पडतात, एका ढांगेत दोन टापा, म्हणून संगीत हवे मिनिटाला १५० ते १६० ठोक्यांचे. साध्या चालीत ५० ते ५५ ढांगा असतात. चारही पाय सुटे पडतात, पण कान पुढच्या दोन पायांवर ठेवला की १०० ते ११० ठोके मिळतात. लहान चणीच्या घोड्याची पावले याहून जलद पडतात. त्यामुळे दुसऱ्याच्या घोड्यासाठी केलेली ध्वनिफीत मागून आणून कधीच भागत नाही.

सर्वांत जास्त घोटाळा कॅंटरमध्ये, म्हणजे दुडकीपेक्षा वेगळ्या, उसळत्या धावेत होतो. कॅंटर तीन टापांचा, म्हणून त्याला तीन मात्रांचेच संगीत हवे असे अनेकांना वाटते. पण तीन टापांनंतर चारही पाय अधांतरी असण्याचा एक क्षण असतो आणि तोही लयीचाच भाग आहे. त्यामुळे टापा न मोजता ढांग मोजावी: मिनिटाला साधारण ९५ ते १०५, आणि प्रत्येक ढांगेला संगीताचा एक ठसठशीत आघात. दादऱ्याच्या सहा मात्रांत दोन ढांगा छान बसतात, केरव्याच्या आठ मात्रांतही बसतात. आघात ढांगेवर यायला हवा, एवढीच अट. आता साधी चाल आणि कॅंटर यांचे आकडे जवळपास सारखे दिसतात, तरी एकाचे संगीत दुसऱ्याला चालत नाही. चालीला सैल, लांब श्वासाची सुरावट लागते आणि कॅंटरला उसळी. ठोके मोजणारे अ‍ॅप हा फरक सांगत नाही. शिवाय तेच गाणे ते कधी ७५ चे दाखवते, कधी १५० चे. तेव्हा पाय पाहूनच ठरवावे.

गाणे दोन-चार ठोक्यांनी कमी पडत असेल तर ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रणालीत सूर न हलवता लय बदलता येते. पण पाच टक्क्यांपलीकडे ताणू नये. तालवाद्याचा आघात बोथट होतो आणि आवाज कृत्रिम वाटू लागतो. तेव्हा दुसरे गाणे शोधणेच बरे.

आता आखणी. रिंगण ६० बाय २० मीटरचे, कडेला खुणेची अक्षरे लावलेली. कोपऱ्यानंतरच्या अक्षरापासून तिरक्या समोरच्या टोकाच्या अक्षरापर्यंतची रेघ सुमारे ५२ मीटर भरते. विस्तारलेल्या, म्हणजे लांब ढांगांच्या दुडकीत घोडा सेकंदाला पाच मीटरच्या आसपास जातो, म्हणजे साडेदहा सेकंद. १५० च्या लयीत २६ ठोके. सुरावटी बहुधा आठच्या पटीत संपतात, म्हणजे ३२ वर. उरलेले पाच-सहा ठोके पुढच्या कोपऱ्यात, पावले आखडती घेताना खर्ची पडतात. हा हिशेब जमला की वाद्यमेळ चढतो तिथेच घोडा लांब पावले टाकू लागतो आणि पाहणाऱ्याला तो गाणे ऐकतोय असा भास होतो. चांगल्या घोड्याच्या विस्तारलेल्या दुडकीत ढांग लांबते, तिची गती फारशी वाढत नाही. म्हणून तीच लय ठेवून फक्त वाद्ये वाढवावीत. पॅसाज, म्हणजे पाय उंच उचलून टाकलेली दुडकी, मात्र मुळातच संथ असतो, त्याला वेगळा तुकडा लागतो.

बिघडते कुठे? स्पर्धेच्या दिवशी घोडा बावरलेला असतो आणि लय दोन-चार ठोक्यांनी चढते. वाळू खोल असेल तर तेवढीच उतरते. अशा वेळी स्वार गाणे गाठण्यासाठी टाच मारू लागला की घोड्याची पाठ आखडते, पावले घाईची होतात आणि गुण दोन्हीकडून जातात, कारण तंत्र आणि कला यांना निम्मे-निम्मे वजन आहे. उपाय आखणीतच ठेवावा लागतो. मागे पडल्यास कोपरा थोडा गोल घ्यावा, पुढे गेल्यास खोल घ्यावा. पायरुएटसारख्या (जवळपास जागच्या जागी फिरण्याच्या) कठीण हालचालीनंतर चार-पाच सेकंदांची मोकळीक सोडावी. संगीताचे तुकडे जोडताना साध्या चालीतून कॅंटरमध्ये जाण्याची जागा स्पष्ट ऐकू यावी, नाहीतर स्वारालाच संकेत सापडत नाही.

आपल्याकडे सारंगखेड्याच्या यात्रेत आणि लग्नाच्या वरातीत घोडे नाचवतात. ड्रेसाजची शिस्त वेगळी, पण लयीचे तत्त्व तेच. जाणता हलगीवाला घोड्याच्या पायांवर नजर ठेवून ठेका कमी-जास्त करतो. स्टुडिओत तासन् तास बसून केले जाते ते तो उभ्या उभ्या करतो. डीजेचा ठोका कुणाच्या पायांसाठी थांबत नाही. मग लगाम खेचून, चाबूक दाखवून घोड्याला त्या ठोक्यावर आणले जाते, आणि तोंडाला फेस, ताठ मान, कडक पाठ हे सगळे लोकांना नाच वाटते. नाचऱ्या घोड्यांच्या स्पर्धा भरवणाऱ्यांना विनंती, की प्रत्येक घोडेवाल्याला स्वतःचा वादक आणू द्यावा, कर्णे घोड्यापासून दूर ठेवावेत आणि परीक्षकांनी गुण देताना आधी पाठ आणि तोंड पाहावे.

आपला,
एक अश्वारोहण प्रशिक्षक, पुणे